शेजारचा वाडा पडला, आपली भिंत उघडी पडली: जुन्या नाशकातल्या एका गल्लीचं प्रकरण

जुन्या नाशकाच्या गावठाणात वाडे एकमेकांना खेटून उभे आहेत. दोन वाड्यांमधली भिंत बरेचदा सामाईक असते. एखाद्या पावसाळ्यात त्यातला एक वाडा बसला की दुसऱ्याची अशी भिंत उघडी पडते, जिने उभ्या आयुष्यात पाऊस पाहिलेला नाही. तिला बाहेरच्या बाजूने गिलावा नसतो, वर पन्हाळ नसते. विटांमध्ये पांढऱ्या मातीची जोडणी असते. त्यात मोकळ्या झालेल्या जागेमुळे ही भिंत चौकातून लांबूनही दिसते, आणि गल्लीतल्या मुलांना तिच्यावर चित्र काढावंसं वाटतं.

खाली मांडलेलं प्रकरण कुणा एका पत्त्याचं नाही. गावठाणात वारंवार दिसणाऱ्या परिस्थितीवरून ते रचलेलं आहे आणि रकमा, मापं नमुन्याची आहेत. कायदा, साहित्य आणि कामाचा क्रम मात्र खरा.

परिस्थिती

तळमजला, पहिला मजला आणि वर कौलारू माळा असा तीन खणी वाडा. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, कडीपाट. नऊ बिऱ्हाडं: दोन मालकांच्या भाऊबंदांची, सात जुन्या भाडेकरूंची. भाडं महिना ६० रुपये. मिळकत पत्रिकेवर अकरा नावं, त्यातली तीन माणसं पुण्यात आणि एक परदेशात. शेजारचा वाडा दोन पावसाळ्यांपूर्वी पडला. त्याचा मलबा तिथेच आहे आणि त्याच्या कडेने दुचाकी लागतात. उघडी पडलेली भिंत ४० फूट लांब, २२ फूट उंच.

गल्ली उंचावर आहे. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, पण इथवर काही आलं नाही. त्यामुळे ‘आपल्याला पाण्याची भीती नाही’ असा इथला समज. खरं तर या भिंतीला तीन बाजूंनी पाणी लागत होतं: समोरून झड, वरून फुटक्या कौलांचं, खालून मलब्यात मुरलेलं. चौथं पाणी आतल्या मोऱ्यांचं, त्याचा उल्लेख कुणीच करत नव्हतं.

गणेशोत्सव संपल्यावर मंडळाच्या मुलांनी ठरवलं की भिंतीचा खालचा १० फुटांचा पट्टा रंगवायचा. सिमेंटचा गिलावा, पुट्टी, प्रायमर, वर ऍक्रिलिक रंग. वर्गणी जमायला लागली. भिंतीच्या एका कोपऱ्यात आदल्या वर्षी कुणीतरी चार फूट उंचीपर्यंत सिमेंट मारलेलं होतं. तिथे नीट पाहिल्यावर बेत फिरला. सिमेंट वरवर धड दिसत होतं, पण बोटाने वाजवलं की पोकळ वाजे. त्याच्या वरच्या कडेला, बरोबर चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या लोण्याची, म्हणजे भिंतीतून बाहेर येणाऱ्या मिठाची, रेघ उठली होती आणि आतल्या बाजूच्या खोलीत पलंगामागचा रंग फुगून गळत होता. कारण साधं आहे. भिंतीत चढलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, म्हणून ती आणखी वर चढली आणि घरात शिरली. त्यावर ऍक्रिलिकचं चित्र काढलं असतं तर एका पावसाळ्यात पापुद्रे सुटले असते. चित्र गेल्याचं एवढं दुःख नाही. मातीच्या जोडणीच्या भिंतीत पाणी कोंडलं की विटांमधली माती लगद्यासारखी होते आणि भिंत पोट काढते. धोका त्या पोटाचा.

आधी कागद

तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचना स्थैर्य प्रमाणपत्र देणं ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे मालक-भोगवटादारांची जबाबदारी. पावसाळ्याआधी गावठाणात ज्या नोटिसा लागतात त्या कलम २६४ खालच्या, धोकादायक बांधकामाच्या. लोक नोटीस दिसली की फाडतात किंवा दाराआड ठेवतात, दोन्ही वाईट. महापालिकेच्या यादीवरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावून वाडा कोणत्या वर्गात बसतो ते लेखी घ्यावं. सी-१ म्हणजे तातडीने रिकामा करून पाडणे, सी-२ए म्हणजे रिकामा करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामा न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. हा वाडा सी-२बी मध्ये बसला. अट एकच: उघड्या भिंतीला लागून असलेल्या वरच्या दोन खोल्या काम संपेपर्यंत मोकळ्या ठेवायच्या. त्या बिऱ्हाडांची सोय ओसरीत आणि मालकांच्या बंद खोलीत झाली.

भाडेकरूंची मुख्य भीती अशी, की दुरुस्तीच्या नावाखाली एकदा बाहेर काढलं की परत घेणार नाहीत. मालकांची भीती याच्या उलट: यांनी पैसे घातले की उद्या हक्क सांगतील. दोन्ही बाजू चुकीच्या नाहीत. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची. त्याने टाळली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नाही. ६० रुपये भाड्यावर हिशेब करा: वर्षाचे ७२०, चौथा हिस्सा १८०. सात भाडेकरूंचे मिळून १,२६०. लाखांच्या कामात या कलमाचा उपयोग नोटिशीपुरता. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण ‘माझी खोली किती होती’ हे दाखवायला कागद नसेल तर त्या हक्काला धरायला काही उरत नाही.

म्हणून करार झाला. त्यात कलमं थोडीच: भाडेकरूचा हिस्सा हा दुरुस्तीला हातभार, त्यातून मालकी नाही, दुरुस्ती झाली म्हणून भाडेकरार बदलत नाही, भिंतीवरच्या चित्रामुळे कुणाचाही कुठलाही हक्क निर्माण होत नाही. आणि जोडपत्र म्हणून प्रत्येक खोलीचं मोजमाप असलेला नकाशा, त्यावर सगळ्यांच्या सह्या. या नकाशाने जेवढा विश्वास बसला तेवढा चार बैठकांनी बसला नव्हता. परदेशातल्या वारसाचं कुलमुखत्यारपत्र यायला दोन महिने लागले, ते धरूनच वेळापत्रक आखावं.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाची संमती वेगळी. परांची त्याच्या जागेत उभी राहणार, मलबा त्याचा, पाण्याचा उतार त्याच्या जमिनीवर. तो उद्या बांधकाम करणार आणि तेव्हा चित्र झाकलं जाणार, हेही आजच मान्य करून लिहून द्यावं लागतं. नाहीतर त्याने सही का करावी? चित्राला आयुष्य मर्यादित आहे हे धरलं की त्यावर खर्च किती करायचा तेही आपोआप ठरतं. सार्वजनिक भिंत असेल तर महापालिकेची लेखी परवानगी लागते. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा चांगलं चित्र आणि वाईट चित्र असा भेद करत नाही.

मलबा, कौलं, मोऱ्या

मलबा सगळा एकदम उचलायचा नाही. भिंतीला टेकलेला ढीग तिला ओल देतो, पण टेकूही देतो. आधी आतून-बाहेरून लाकडी टेकू, मग सहा-सहा फुटांचे टप्पे करून, एक सोडून एक. जोत्याचा दगड दिसला की थांबायचं, पायाखाली उकरायचं नाही. एकूण साडेतीन ब्रास निघाला, चार ट्रॉल्या. नंतर भिंतीपासून चार फुटांत दोन इंच उतार देऊन मुरूम ठोकला. तिथे काँक्रीटचा कोबा घालू नये. कोबा घातला की खालची ओल बाजूला सरकत भिंतीत येते.

वर माळ्याच्या कौलांची नळी आणि भिंतीच्या माथ्याची पन्हाळ. कौलं भिंतीच्या बाहेर किमान नऊ इंच यायला हवीत, इथे दोनच इंच होती, कारण पूर्वी तिथे शेजारचं छप्पर होतं. वासे जोडून छप्पर पुढे काढलं. सगळ्या कामात हा खर्च सर्वात उपयोगी पडला, आणि वर्गणी मागताना तोच सर्वात कठीण गेला, कारण खालून तो दिसत नाही.

मोऱ्यांचं प्रकरण नाजूक. तीन बिऱ्हाडांच्या मोऱ्या भिंतीला लागून, फरशीखालचा बिडाचा पाइप एका सांध्यात फुटलेला. ओळखायची पद्धत सोपी: मोरीत रंगीत पाणी ओतून बूच लावायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीच्या छताकडे पाहायचं. ज्यांची मोरी त्यांचा खर्च, असं ठरलं. एका काकूंनी ‘आमच्या मोरीचं पाणी चाळीस वर्षं कुणाला लागलं नाही’ म्हणून ऐकलं नाही. रंगीत डाग खालच्यांच्या कडीपाटावर उमटल्यावर वाद संपला.

भिंतीतून उगवलेला पिंपळ हा आणखी एक मुद्दा. गवंडी हात लावायला तयार नसतात. रोप उपटू नये, मुळासकट दहा विटा येतात. बुंधा भिंतीलगत कापून, तिथे भोक पाडून औषध भरायचं आणि मूळ सुकल्यावर पोकळी चुन्याने भरायची. तोडण्याआधी एक फांदी नदीकाठच्या मोकळ्या जागेत लावली गेली, त्याने सगळ्यांच्याच मनाचं समाधान झालं.

चुन्याचं काम

कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना पुढच्या ऑगस्टमध्येच भिजवून ठेवला. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते आणि उडालेला थेंब डोळा घेऊ शकतो. चष्मा, रबरी हातमोजे, मुलं लांब. विझलेला चुना चाळून २०० लिटरच्या चार पिंपांत, वर चार बोटं पाणी राखून झाकून ठेवला. किमान सहा आठवडे, जास्त मुरला तर चांगलंच.

८८० चौरस फूट भिंत, दोन थर मिळून २० मिलिमीटर, शिवाय विटांचे खड्डे भरायला जादा. साधारण ७० घनफूट माल धरला. प्रमाण मापाने: मुरलेला चुना एक, सुरखी (कुटलेल्या विटांची पूड) एक, धुतलेली वाळू दोन. म्हणजे चुना आणि सुरखी प्रत्येकी सुमारे २३ घनफूट, वाळू ४७. कळीचा चुना साडेतीनशे किलोच्या आसपास लागतो. सुरखीसाठी पडलेल्या वाड्याच्या विटा कुटाव्यात अशी सूचना आली. स्वस्त पडलं असतं, पण त्या विटांत लोणा भरलेला. तोच पुन्हा नव्या गिलाव्यात घालण्यात अर्थ नाही.

जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने काढलं, ब्रेकर लावला नाही, कारण त्याच्या हादऱ्याने मातीची जोडणी सुटते. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो. सांधे अर्धा इंच खरवडून भिंत ऑक्टोबरच्या उन्हात तशीच उघडी ठेवली. वाळली का ते पाहायला दोन फुटी प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवायचं. आतून थेंब धरले तर अजून थांबायचं. खालच्या पट्ट्याने तिसऱ्या खेपेला होकार दिला.

पहिला थर दहा-बारा मिलिमीटर, भिंत आधी ओली करून. आठवड्या-दहा दिवसांनी दुसरा. वर गोणपाट, दिवसातून दोनदा पाणी. नाशिकला हे काम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर उरकावं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत चुना धरायला फार वेळ घेतो, आणि एप्रिलमध्ये तो धरण्याआधीच वाळून तडकतो. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू असताना चांगला गवंडी वेळेवर मिळणं अवघड, त्यामुळे माणसं आधी ठरवून ठेवलेली बरी.

इथेच एक गडबड झाली. ‘थोडं सिमिट टाकलं ना भाऊ, लवकर धरतं,’ म्हणत गवंड्याने दुपारच्या मालात घमेलंभर सिमेंट मिसळलं. वाळल्यावर तेवढाच ६० चौरस फुटांचा तुकडा राखाडी दिसला आणि कडेने केसासारख्या भेगा आल्या. तो पूर्ण खरवडून पुन्हा करावा लागला. गवंड्याला दोष देऊन भागत नाही. त्याची कमाई वेगाने काम उरकण्यावर ठरलेली असते. चुन्याचं काम रोजावर द्यावं, चौरस फुटावर नाही.

चित्र

चुन्याच्या भिंतीवर रंगही श्वास घेणारा लागतो. म्हणून चुन्याच्या पाण्यातच रंग: गेरू, पिवडी, काजळी, थोडी नीळ. कुणीतरी हळद सुचवलीच. हळदीला चुना लागला की लाल होते हे घरोघरी ठाऊक आहे, आणि तो लालही उन्हात उडतो. रंगाची पूड चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त झाली की हात लावताच रंग निघतो. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका पडतो, त्यामुळे आधी फूटभर चौकोनात नमुना मारून दोन दिवस थांबायचं. हात पातळ आणि जास्त, चार किंवा पाच. प्रत्येक हाताआधी भिंतीवर पाणी मारायचं.

काय काढायचं यावर भांडण झालंच. देव नको आणि पुढारी नको यावर मात्र लवकर एकमत झालं. खाली चिखल उडतो, पिंक पडते, आणि पोस्टरवाला आधी चेहऱ्यांवरच पोस्टर लावतो. शेवटी ठरलं ते असं: एका टोकाला रहाड, म्हणजे रंगपंचमीला उघडणारा तो जमिनीतला दगडी हौद, आणि त्यात उडी घेणारी माणसं, मधे तांबट आळीतली ठोकणी आणि घागरी, दुसऱ्या टोकाला गल्लीत होते त्या पण आता नसलेल्या वाड्यांचे दिंडी दरवाजे, वृद्धांनी सांगितल्याप्रमाणे.

मोठं करायची पद्धत गल्लीतल्या बायकांकडून आली. चित्रकाराने चौकटी आखायला सूत काढलं होतं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हातांना चौकटींपेक्षा ठिपके सोपे. मग भिंतीवर फूट-फूट अंतरावर चुन्यात बुडवलेल्या काडीने ठिपके: आडवे ४१, उभे ११. मूळ कागदावर तेवढेच ठिपके एक-एक इंचावर. कागदावर तिसऱ्या ओळीत सातव्या ठिपक्यापासून रेघ जिथे जाते, भिंतीवर तिथेच. रेघ चुकली की दोन जणी लांब उभ्या राहून ‘ठिपका सोडलास गं’ म्हणून सांगत होत्या. घागरींसारखी पुन्हा पुन्हा येणारी आकृती खाक्याने उतरवली: जाड कागदाला सुईची भोकं, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. चित्रकार तीन दिवस होता, उरलेलं गल्लीने केलं. ज्या चित्राची डागडुजी गल्लीला जमत नाही ते बाहेरचा माणूस कितीही सुंदर काढून गेला तरी दोन वर्षांत उतरतं.

खालचे अडीच फूट रिकामे, नुसता गेरूचा पट्टा. तिथे पाणी उडणार, लोणाही आधी तिथेच फुटणार. दर दिवाळीला त्यावर नवा हात, खर्च नगण्य. केबलवाल्याने चित्राच्या मधोमध चार खिळे ठोकले, तेव्हापासून भिंतीच्या वरच्या कडेला तारांसाठी एक लाकडी पट्टी लावली आहे.

पैसे

इंजिनिअर २५ हजार, मलबा आणि मुरूम १८, टेकू व परांची ४५, चुना-सुरखी-वाळू ६०, गवंडी-बिगारी १ लाख ३५, छप्पर आणि पन्हाळ ७०, मोऱ्या ४८, रंग व चित्रकाराचं मानधन ३२. एकूण ४ लाख ३३ हजार. त्यात चित्राचा वाटा साडेसात टक्क्यांच्या आत. मालकांकडून १ लाख ८०, सात भाडेकरूंकडून प्रत्येकी १५ प्रमाणे १ लाख ५, मंडळाकडून ६०, दुकानदारांकडून ४०, आणि मोऱ्यांचे ४८ ज्यांचे त्यांनी. मंडळाचे ६० हजार गणेशोत्सवाच्या वर्गणीतून परस्पर वळवले नाहीत, वेगळं पावतीपुस्तक छापून गोळा केले. देणाऱ्याने गणपतीसाठी दिलेले पैसे भिंतीला लावले की हिशेबाच्या बैठकीत बोलणी खावी लागतात, आणि धर्मादाय कार्यालयालाही उत्तर देता येत नाही. गोळा होण्याचा क्रम मात्र खर्चाच्या उलटा: चित्राच्या नावाने पहिल्या आठवड्यात ५० हजार जमले, छपरासाठी तेवढेच जमायला चार महिने. म्हणून पावत्या ‘भिंत दुरुस्ती व चित्र’ अशा एकाच नावाने फाडल्या.

पुढे

पहिल्या पावसाळ्यात खालच्या पट्ट्यात दोन ठिकाणी लोणा उठला. तो अपेक्षितच होता, भिंतीतलं जुनं मीठ बाहेर यायला दोन-तीन पावसाळे जातात. कोरडं झाडून गेरूचा हात दिला. माळ्याच्या कोपऱ्यातली तीन कौलं माकडांनी सरकवली, ती आठवड्याने लक्षात आली. तेव्हापासून पावसाळ्यात दर रविवारी माळ्यावर चक्कर मारायची पाळी बिऱ्हाडांनी वाटून घेतली आहे.

खरी काळजी पुढची आहे. शेजारचा मालक नकाशा मंजूर करून घेण्याच्या तयारीत आहे. चित्र झाकलं जाईल ते जाईल, पण आरसीसी इमारतीचा पाया जुन्या जोत्याच्या खाली पाच-सहा फूट जातो. खणताना एकदम ४० फूट चर उघडला तर मातीच्या जोडणीची भिंत खाली सरकते, आणि गावठाणात वाडे पडण्याचं हेही एक ठरलेलं कारण आहे. संमतीच्या कागदात म्हणून दोन वाक्यं जास्तीची लिहून घेतली होती: खोदाईच्या ३० दिवस आधी लेखी कळवायचं, आणि चर सहा फुटांच्या टप्प्यांत, टेकू लावून, दोन्हीकडच्या इंजिनिअरसमोर घ्यायचा. वरच्या दोन खोल्या तेवढे दिवस पुन्हा मोकळ्या कराव्या लागतील, त्यासाठी ओसरीचा अर्धा भाग राखून ठेवला आहे.